चोवीस पट लहान पोचा

रविवार, दुपार
कपाटासमोरची फरशी

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून हा साष्टांग घातलेला नाही. माझी आठही अंगं या क्षणी खरोखर फरशीला टेकलेली आहेत, कारण हे पत्र मी पालथा पडून लिहितो आहे. शेजारी बॅटरी पेटवून ठेवली आहे आणि कपाटाखाली कुठेतरी तांदळाच्या दाण्याएवढा एक आरसा हरवला आहे. तो सापडेपर्यंत उठायचं नाही असं मी ठरवलं आहे, आणि घरातल्या बाकीच्यांनी या खोलीत पाऊल टाकायचं नाही असंही ठरवलं आहे. (दुसरं ठरवणं कोणी फारसं मनावर घेतलेलं नाही. ही आत्ताच माझ्या पाठीवरून पलीकडे जाऊन खिडकी लावून आली.) तसंही तुला पत्र लिहायला मला हीच बसक योग्य वाटते, म्हणजे पडक.

तुझी प्रकृती कशी आहे? खोकला गेला का? वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. शाळेत अजून भूगोलच शिकवतोस ना, आणि अजून घरून शाळेपर्यंत पायीच जातोस ना? आई सांगते की तिथली पोरं तुला ‘पायी मास्तर’ म्हणतात. इकडे सगळे ठीक. आपली भेट होऊन सात वर्षं झाली, आणि माझ्या हिशेबाने मी तुला लिहिलेलं हे दुसरंच पत्र. पहिलं तू नोकरीसाठी घर सोडून गेलास त्या वर्षीचं. त्यात ‘तुझी सायकल मी वापरू का’ असं विचारलं होतं, आणि तू एका ओळीत ‘वापर, ब्रेक तपासून घे’ असं उलट टपाली कळवलं होतंस. तेव्हा एकतीस वर्षांनी पुन्हा अक्षर दिसल्यावर ‘आता याला काय हवंय’ असं तुझ्या मनात आलं असेल, तर ते साहजिक आहे. पण मला काहीही नको आहे. निव्वळ खुशाली कळवावी म्हणून लिहितो आहे.

तर खुशाली अशी, की मी गाड्या बनवतो. दचकू नकोस, नोकरी सोडलेली नाही. विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायचं काम अजून तसंच चालू आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांनी लिहिलेलं वाचायचं, ‘गाडी जागच्या जागी उभी होती, भिंतच पुढे आली’, आणि खाली शेरा मारायचा, ‘विश्वासार्ह वाटत नाही’. तेवीस वर्षं दुसऱ्यांचे पोचे तपासून माझा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, हाताला गुंतवणारा, डोक्याला शांत करणारा एखादा छंद लावून घ्या. ऑफिसच्या रस्त्यावर एक अरुंद दुकान आहे. त्याचे मालक पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता छोट्या गाड्यांची किट विकतात, आणि डोळ्याला भिंग लावूनच गिऱ्हाइकाशी बोलतात म्हणून त्यांना सगळे ‘भिंगवाले’ म्हणतात. त्यांनी मला एक खोका दिला. आत गाडीचे दीडशे तुकडे, खऱ्या गाडीच्या चोवीस पटीने लहान. हे जोडायचे, घासायचे, रंगवायचे, की झाली गाडी. डोकं शांत होतं म्हणाले.

पहिल्या गाडीचं बॉनेट माझ्या डाव्या अंगठ्याला चिकटलं. तो गोंद इतका इमानी, की अख्खे दोन दिवस मी अंगठ्यावर लाल बॉनेट घेऊन ऑफिसात गेलो, आणि साहेबांनी ते नव्या पद्धतीचं बँडेज समजून आपुलकीने चौकशी केली. शेवटी हिच्या नेलपॉलिश पुसायच्या बाटलीने सुटका झाली. त्यात ती बाटलीही संपली आणि हिचा चांगला स्वभावही. त्यानंतर घरातली एकेक वस्तू कामाला लागली. मुलीच्या केसांच्या पिनेचा बंपर झाला, जुन्या चामडी पाकिटाची सीटं झाली, हिच्या कंगव्यातल्या केसांच्या इंजिनाच्या तारा झाल्या. (केस फार उपयोगी पडतो, फक्त ‘मला तुझा एक केस देतेस का’ हे वाक्य लग्नाच्या विसाव्या वर्षी बोलू नये. आशा वाढतात.) एकदा माझा मेव्हणा भेटायला आला असताना स्टिअरिंग खाली पडलं, तर त्या भल्या माणसाला मी पाऊण तास उंबऱ्यावर एका पायावर उभा केला. स्टिअरिंग सापडलं ते त्याच्याच मोज्यात. तेव्हापासून तो फोन करतो, येत नाही. सगळंच चोवीसने भागून बघायची मला सवय लागली आहे. माझं पोट त्या मापाने फारसं वाईट नाही. ही म्हणते, तुमची अक्कल मात्र आधीच भागून आलेली आहे.

पुढे मी जरा बरा झालो, म्हणजे गाड्या बऱ्या व्हायला लागल्या. आणि इथेच भिंगवाल्यांनी मला बिघडवलं. त्यांचं म्हणणं, चकचकीत गाडी कोणीही करतो, ते खेळणं झालं. गाडी वापरलेली दिसली पाहिजे. चाकाशी चिखल, दाराच्या कडेला गंज, हँडलपाशी बोटांनी झिजलेला रंग. म्हणून मी पलंगाखालची धूळ गोळा करून चहाच्या गाळणीने चाळायला लागलो. (त्या गाळणीतून मग चहा कोणी गाळला हे मला विचारू नकोस. घरात सगळ्यांना आठवडाभर खोकला होता.) भिंगवाले म्हणतात, माणूस वस्तूला जिथे जिथे लागतो तिथे तिथे खूण राहते, आणि ती खूण दाखवता आली की तुम्ही कारागीर. मला कारागीर व्हायचं होतं, दादा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गेल्या महिन्यात बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू निघाले आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना पुन्हा सगळं लख्ख दिसायला लागलं. पहिल्याच दिवशी त्यांनी छतावरच्या दोन भेगा मोजून सांगितल्या. (चाळीस वर्षं पुलांच्या तपासणीवर काढलेला माणूस. हातोडीने टकटक करून, कान लावून, कुठे चीर आहे ते सांगणारा. अशा माणसाला नवे डोळे मिळणं ही घरादाराची परीक्षाच असते.) मला वाटलं, या डोळ्यांना काहीतरी आवडीचं दाखवावं. आणि मला बाईसाहेब आठवल्या. आपली ती जुनी क्रीम रंगाची गाडी, जिला बाबा बाईसाहेब म्हणायचे, जिला दर शनिवारी स्वतःच्या हाताने आंघोळ घालायचे आणि जी भंगारात गेली त्या दिवशी जेवले नव्हते. तिच्यासारखं किट बाजारात नाही. मी दुसऱ्या एका गाडीचं आणून, कापून, फटींत पुट्टी भरून, घासून अडीच आठवड्यांत तिला बाईसाहेब केली. पण फोटोंनी दगा दिला. अल्बममध्ये गाडीचे अकरा फोटो आहेत आणि अकराही पुढून. कोणी ना कोणी बॉनेटला टेकून हसतं आहे. मागची बाजू एकातही नाही. भिंगवाले म्हणाले, डोळे मिटा आणि मनातल्या मनात गाडीभोवती एक चक्कर मारा, हात आपोआप सांगेल.

मारली चक्कर. काय काय आठवलं म्हणून सांगू! मागच्या सीटची उसवलेली कड आणि तिला बाबांनी लावलेली जखमेची चिकटपट्टी. आईची घडी घातलेली निळी शाल. तू पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायचास तो कप्पा. हात भराभर चालत होते आणि मी आनंदात शीळ घालत होतो. चमचा मेणबत्तीवर तापवला, डाव्या मागच्या मडगार्डाला आतून टेकवला, प्लॅस्टिक मऊ झाल्यावर बाहेरून पेन्सिलीच्या टोकाने अलगद दाबलं, आणि बाईसाहेबांना जसाच्या तसा पोचा पडला. मग त्या पोच्यात एक पुसट हिरवा ओरखडा काढला. त्या हिरव्यासाठी तीन वेळा रंग कालवला. पहिला फार पोपटी झाला, दुसरा फार काळपट. तिसरा तंतोतंत जमला तेव्हा मी स्वतःशी ‘वा!’ म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण म्हणालो.

आता हे नीट सांगितलं पाहिजे, आणि इथे विनोद करायचा नाही असं हिने बजावलं आहे. तो पोचा तू पाडलेला नव्हतास, हे तुला माहीतच आहे. मी पाडला होता. त्या शनिवारी सकाळी तू मावशीला स्टेशनवरून आणायला गाडी घेऊन गेलास आणि सुखरूप आणून लावलीस. दुपारी बाबा झोपले, तू मावशीशी बोलत होतास, आणि मी खुंटीवरची चावी घेतली. मी सतरा वर्षांचा होतो. गल्लीतल्या गल्लीत एक फेरी मारावी एवढाच बेत होता. फेरी झालीच नाही. मागे घेतानाच शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या फाटकाला ठोकली. त्यांनी फाटक त्याच आठवड्यात हिरवं रंगवलं होतं. मी गाडी होती तशी लावली, रॉकेलच्या बोळ्याने मडगार्डावरचा हिरवा रंग पुसून काढला आणि गच्चीवर जाऊन पुस्तक उघडून बसलो. संध्याकाळी गाडी धुताना बाबांना पोचा दिसला. मला गाडी चालवता येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं (फाटकाला तर चांगलंच ठाऊक होतं), म्हणून संशय माझ्यावर आलाच नाही. त्यांनी तुला विचारलं. तू म्हणालास, “मी नाही.” त्यांनी मला विचारलं, तू काही पाहिलंस का. मी म्हणालो, “नाही.” दादा, मी आयुष्यात पुष्कळ शब्द बोललो, पण त्या एका शब्दाइतकं महाग काही बोललो नाही. बाबांनी परस्पर ठरवून टाकलं की तू स्टेशनच्या रस्त्यावर मैलाच्या दगडाला ठोकलीस आणि आता लपवतोस. म्हणाले, “ज्याला चूक कबूल करता येत नाही, त्याने चाक धरू नये.” तू पुन्हा कधी चावीला हात लावला नाहीस. दोन महिन्यांनी तिकडची नोकरी घेतलीस. तेव्हापासून येतोस तो पाहुण्यासारखा येतोस, बाहेरच्या खोलीत बसतोस, चहा घेऊन कप स्वतः विसळून ठेवतोस आणि जातोस. तू एकतीस वर्षांत एकदाही स्टिअरिंग धरलेलं नाहीस. आमच्या मुलीने तर शाळेतल्या निबंधात लिहिलं होतं की माझे काका हवा स्वच्छ राहावी म्हणून पायी चालतात. तिला दहापैकी नऊ मार्क मिळाले आणि मी त्यावर सही केली.

(आरसा अजून सापडलेला नाही. हिचं एक कानातलं सापडलं. ते हिच्यापासून सहा वर्षं लपवलेलं होतं असं आता निघणार, असो.)

तर मागच्या महिन्यात एका सकाळी मी बाईसाहेबांना लाकडी पाटीवर बसवून, वर रुमाल झाकून बाबांपुढे ठेवलं. आई, ही, मुलगी, सगळी गोळा झाली. मी रुमाल ओढला. बाबांनी “बाईसाहेब!” म्हटलं आणि डोळे पुसले. (नव्या डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून आई रागावली, आणि स्वतःही रडली.) त्यांनी भिंग मागवलं. चिकटपट्टी पाहून हसले, शाल आईला दाखवली. माझी छाती चोवीस पट मोठी झाली होती. मग त्यांनी पाटी फिरवली. भिंग डाव्या मडगार्डावर थांबलं. थांबलं ते थांबलंच.

“हे हिरवं काय आहे?” त्यांनी विचारलं.

आणि मी, दादा, मी तेवीस वर्षं खोटे दावे पकडणारा माणूस, मोठ्या उत्साहाने समजावून सांगायला लागलो की ब्रश आधी कागदावर कोरडा करायचा, मग नुसता टेकवायचा, म्हणजे ओरखडा खरा वाटतो. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ते झालं. पण हिरवाच का? मैलाचा दगड हिरवा नसतो. आणि मी पोचा पाहिला तेव्हा त्यात हिरवं नव्हतं. तू कधी पाहिलास?” माझी पाचावर धारण बसली. बाबांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि पोचा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं. सव्वीस मिलिमीटर. कागदावर चोवीसने गुणलं. सहाशे चोवीस. मग मोजायचा टेप घेतला, आईला बरोबर घेतलं आणि पायात चपला सरकवून सरळ शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या फाटकाशी गेले. आम्ही सगळे मागे.

फाटक आता तपकिरी आहे आणि दवाखाना डॉक्टरांची मुलगी चालवते. आईने टेपचं एक टोक जमिनीवर धरलं, बाबांनी दुसरं फाटकाच्या बाहेर आलेल्या कडीला लावलं. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांच्या मागोमाग तोंडात कापूस कोंबलेला एक पेशंटही आला, आणि आ वासूनच सगळं पाहत उभा राहिला. बाबांनी खिशातल्या चाकूने कडीशेजारचा रंग खरवडला. तपकिरी निघाला, खाली करडा लागला, त्याच्या खाली हिरवा. तिसऱ्यांदा कालवला होता तोच. मग टेप वाचला. “सहाशे अठरा,” ते म्हणाले, आणि जरा गोंधळले. “सहा मिलिमीटरचा फरक पडतोय.” दादा, तेवढ्यावर मी सुटलो असतो. गप्प बसणं मला जमतं, एकतीस वर्षं जमलं होतं. पण समोर माझ्या कारागिरीत सहा मिलिमीटरची चूक काढली जात होती, ती सहन होईना. माझ्या तोंडून निघून गेलं, “मागच्या टायरात तेव्हा हवा कमी होती, गाडी खाली बसली होती.”

पेशंट कापसातून “अरेरे” असं काहीतरी म्हणाला. आई टेप सोडून उभी राहिली, तो सर्रकन गुंडाळत बाबांच्या हातात गेला. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. बाबा घरी आले, खुंटीवरची माझ्या गाडीची चावी काढली, शर्टाच्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं. मग तेच वाक्य म्हणाले. शब्दही तेच, आवाजही तोच, फक्त माणूस बदललेला. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, आणि गेले तीन आठवडे वडिलांनी चावी काढून घेतली म्हणून मी डबा मांडीवर घेऊन बसने ऑफिसात जातो. साहेबांनी विचारलं, गाडीला काय झालं. मी म्हटलं, दावा तपासणीवर आहे.

पण लाज त्याची नाही. म्हणजे तीही आहे, पण खरी लाज परवाची. मी बसवरून घरी आलो तर बाबा टेबलाशी बसले होते आणि एका बोटाने बाईसाहेबांना टेबलाच्या कडेकडेने हळूहळू चालवत होते. टोकाशी गेल्या की उचलून पुन्हा मागे आणायचे. मी दारात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते आईला म्हणत होते, “तो गेला तेव्हा मी स्टेशनवर सोडायलासुद्धा गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणालो. गुडघ्याला काही झालं नव्हतं.” आई म्हणाली, मग कळवा त्याला. ते म्हणाले, काय तोंडाने कळवू? त्यांच्या कागदाच्या टोपलीत मला तुझ्या नावाची आठ पत्रं सापडली. आठही ‘अनेक आशीर्वाद. डोळ्यांचं ऑपरेशन ठीक झालं. आता सगळं स्पष्ट दिसतं’ इथपर्यंत येतात आणि थांबतात. पुढे जे लिहायचं आहे ते खरं म्हणजे मी लिहायचं आहे, म्हणून लिहितो.

दादा, मी चुकलो. त्या दिवशी चुकलो आणि मग रोज थोडा थोडा चुकत राहिलो, कारण रोज सांगता आलं असतं. तुझं घर मी एका शब्दात तुझ्यापासून तोडलं आणि स्वतः त्यात आरामात राहिलो. माफ कर असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. पण म्हणतो. माफ कर.

सगळ्यांचे तुला नमस्कार-आशीर्वाद. प्रकृतीस जपावे.

तुझा धाकटा भाऊ
(वयाने धाकटा, आणि आता सगळ्याच मापांनी)

ता. क. १. वर ‘मला काहीही नको’ असं लिहिलं आहे, ते वाचलंस, पण पुरतं खरं नाही. बाबांनी शिक्षेची मुदत अशी सांगितली आहे की माझी चावी तुझ्या हातूनच परत मिळेल, दुसऱ्या कोणाच्या नाही. तेव्हा शनिवार-रविवार जोडून ये. बसचा कंडक्टर मला आता ‘काका’ म्हणायला लागला आहे.

ता. क. २. हिने पत्र वाचलं. म्हणाली, लिहिलंत बरं, पण साबणाचं का गाळलंत? तेही सांगतो. त्या संध्याकाळी बाबा तुला ते वाक्य बोलले, त्यानंतर आपण जेवायला बसलो. तू माझ्या शेजारी होतास. माझ्या हातांना रॉकेलचा वास येत होता. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालास, “जा, साबणाने हात धुऊन ये.” एवढंच. मी धुऊन आलो, आणि तू माझं पाणी भरून ठेवलं होतंस. एकतीस वर्षं मी स्वतःला बजावत आलो की तू स्वच्छतेसाठी म्हणाला होतास. माझ्या टेबलावर असा दावा आला असता तर मी त्याच्याखाली काय शेरा मारला असता, ते तुला वर सांगितलंच आहे.

ता. क. ३. आरसा सापडला. बाबांच्या चपलेच्या तळाला चिकटला होता. म्हणजे मी पालथा पडून हे सगळं लिहीत असताना तो घरभर हिंडत होता.

ता. क. ४. ता. क. १ खोडून टाकणार होतो, पण हिने खोडू दिलं नाही. म्हणाली, जे लिहिलं ते दिसू दे. माझ्या गाडीची दुसरी चावी पहिल्या दिवसापासून हिच्या कपाटात आहे. मला माहीत आहे, तिला माहीत आहे, आणि मला वाटतं बाबांनाही माहीत आहे. मी ती घेतलेली नाही. बसने जातो. तेव्हा चावीसाठी येऊ नकोस. काल बाबांनी मला तीन आठवड्यांत पहिल्यांदा हाक मारली आणि विचारलं, या गाडीत ड्रायव्हर बसवता येतो का? मी म्हटलं येतो. अल्बममधल्या तुझ्या फोटोवरून तुला केलं, चोवीस पट लहान, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, दोन्ही हात चाकावर. बाबांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, “हा तर बावीस वर्षांचा आहे. आता त्याचे केस किती पांढरे झाले असतील रे?” मला सांगता आलं नाही. आईलाही नाही. डोकं तेवढं रंगवायचं ठेवलं आहे. रंग बघायला ये.